कोर्स फिशिंग

ब्रिटनमधील नद्या, कालवे व तळी यांत सामन, ट्राउट आणि त्यांचे निकटचे सोयरे वगळून इतर गोड्या पाण्यातील मासे गळाने धरण्याचा छंद. रोच, डेस, चब, बार्बेल, ब्रीम, पर्च व पाइक हे यातील प्रमुख मासे होत. पर्च व पाइक सोडल्यास हे सर्व पारंपरिक वर्गीकरणानुसार रोहू, कटला यांच्याच सायप्रिनिडी कुलात मोडतात. धरलेला मासा आज सहसा खाल्ला जात नाही, तर जिवंत सोडून दिला जातो.

‘कोर्स’ (जाडेभरडे) या संज्ञेच्या उगमाविषयी एकमत नाही. या माशांचे मांस काटेरी व बेचव, म्हणून ते ‘जाडेभरडे’, असे एक मत आहे. दुसरे मत सामनच्या बारीक खवल्यांच्या तुलनेत यांचे खवले मोठे असण्यावर बोट ठेवते. तिसरे मत असे, की मूळ इंग्रजी विशेषण ‘सर्वसाधारण’ या अर्थाच्या जुन्या शब्दप्रयोगातून आले असावे आणि येथेही तोच अर्थ डोकावतो. इंग्रज लेखक आयझाक वॉल्टन याने १६५३ च्या आपल्या गळाच्या मासेमारीवरील ग्रंथात चबचे मांस बेचव असल्याचे सांगून ते रुचकर करण्याची कृती दिली आहे, ही गोष्ट पहिल्या मताला पोषक वाटते. परंतु त्याच ग्रंथात चब व बार्बेल यांनाही ट्राउट-सामनप्रमाणेच स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यावरून हा भेद चवीपेक्षा मासेमारीच्या हक्कांशी व सामाजिक प्रतिष्ठेशी अधिक निगडित असावा, असे मानणे सयुक्तिक ठरते. प्राणिशास्त्राचा आधार या विभागणीला पुरेसा नाही. ग्रेलिंग हा सामनच्या कुलातला मासा असूनही नदीवरील बंदी हंगामाच्या बाबतीत इंग्लंडमध्ये कोर्स माशांबरोबर गणला जातो. उलट आपल्या नद्यांतील महसीर हा बार्बेलचा नातलग, पण भारतातील ब्रिटिश शिकाऱ्यांनी त्याला सामनचा मान दिला.

माशांच्या विणीच्या काळात संरक्षण मिळावे म्हणून १८७८ चा कायदा झाला. शेफील्डचे खासदार ए. जे. मंडेला यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याच परंपरेने इंग्लंड व वेल्समधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते आणि १६ जूनचा दिवस हौशी मंडळी सणासारखा पाळतात.

जाणकार मात्र शरद ऋतूची, म्हणजे तेथील सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांची वाट पाहतात. पाणी थंड होऊ लागले की आमिष कुरतडणाऱ्या बारक्या माशांचा ससेमिरा कमी होतो, पाणवनस्पती झडतात आणि मोठे मासे खोल, संथ पाण्याकडे सरकतात. याच काळात फ्लोटला (दोरावरील तरंगत्या खुणेला) प्रवाहाच्या वेगाने वाहू देत, पण दोर किंचित रोखून धरत आमिष तळालगत नेण्याची ‘ट्रॉटिंग’ ही पद्धत विशेष उपयोगी पडते. ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅममध्ये ती लाकडी, मोकळ्या फिरणाऱ्या रिळामुळे विकसित झाली आणि पुढे त्या शहराच्या नावानेच ओळखली गेली. रोचसाठी शिजवून उकललेले भांगेचे बी थोडे थोडे पाण्यात टाकतात आणि गळाला काठावरच्या एल्डर झुडपाचे पिकलेले काळे फळ लावतात. मासा शीतरक्ताचा असल्याने पाणी गार होईल तसे त्याचे पचन मंदावते. म्हणून चारा बेतानेच टाकावा लागतो. पानगळीची पाने प्रवाहातून वाहू लागली की ती दोरात अडकतात व फ्लोट खोटा बुडतो. कुजणाऱ्या पानांनी पाणी ‘आंबते’ आणि मासा तोंड लावत नाही, अशीही समजूत आहे. पावसाने पाणी चढून गढूळ झाले, तर फ्लोट बाजूला ठेवून जड शिसे लावतात व आमिष तळाशी ठेवून बार्बेल किंवा चब यांची वाट पाहतात. अनेक ठिकाणी पाइकची मासेमारी परंपरेने १ ऑक्टोबरपासून सुरू होते.

दोराला लावायची शिशाची वजने गिळून राजहंस विषबाधेने मरत असल्याचे दिसून आल्यावर १९८७ पासून ब्रिटनमध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या अशा शिशांच्या विक्रीवर बंदी आली. त्यांची जागा टंगस्टन व इतर धातूंनी घेतली. अगदी बारीक छर्रे व जड वजने मात्र शिशाचीच राहिली.