अळी मरत नाही, पण खातही नाही

सोयाबीनवर अळी दिसली की सांगली-साताऱ्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं औषध मारू?’ मारलं की दुसऱ्या दिवशी सरीत मेलेल्या अळ्या शोधायच्या. निंबोळी अर्क या परीक्षेत नापासच होणार, कारण मारणं हे त्याचं मुख्य काम नाही.

१९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीनंतर जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिख श्मुटरर यांना दिसलं की सगळं फस्त झालं, पण कडुनिंब हिरवाच आहे. त्यामागचं मुख्य द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, १९६८ मध्ये वेगळं काढता आलं. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा, की केंब्रिजच्या प्रयोगशाळेत तो बनवायला २२ वर्षं लागली. आपल्या बांधावरचं झाड तो दर पावसाळ्यात बनवतं!

अळीच्या तोंडाजवळच्या चव ओळखणाऱ्या पेशींना हे द्रव्य लागलं की ती खाणं सोडते. थोडं पोटात गेलंच, तर पुढचा घोटाळा होतो. अळी वाढताना पाच-सहा वेळा कात टाकते आणि त्यासाठी तिला इक्डायसोन हे संप्रेरक लागतं. ॲझाडिरॅक्टिन त्यातच अडथळा आणतं. मग कात अर्धवट सुटते, अळी खुरटते आणि काही दिवसांनी मरते.

म्हणूनच अळी लहान असतानाच फवारणी हवी. अंड्यांतून नुकत्याच निघालेल्या अळ्या पानामागे घोळक्याने हिरवा भाग खरवडतात, पान जाळीदार दिसतं. नेमकी वेळ तीच. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, शिरलेल्या मोठ्या लष्करी अळीपुढे अर्काचं फारसं चालत नाही.

५ टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, सुमारे २०० ग्रॅम साबणाचं पाणी घालून १०० लिटर करायचं. साबण नसेल तर थेंब पानावरून ओघळतात. उन्हात द्रव्य लवकर विघटित होतं, त्यामुळे फवारा संध्याकाळी. बुरशी लागलेली निंबोळी नको. दहा झाडांच्या पाल्यापासून केलेल्या दशपर्णी अर्काबद्दल मी जरा हात राखूनच बोलेन. दहा पाल्यांतला कोणता काय करतो, हे कळायला मार्ग नसतो.

तंबाखूचा काढाही वनस्पतीचाच, पण त्यातलं निकोटिन माणसाच्या कातडीतून शरीरात शिरतं. त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

निंबोळी अर्क मारल्यावर तीन-चार दिवसांनी शेतात जावं, आणि मेलेल्या अळ्या न मोजता कोवळ्या पानांवर नवी भोकं किती, पानांवर ताजी लेंडी पडतेय का, ते पाहावं.