भिंतीची ओल आणि वॉटरप्रूफ रंग

‘भिंतीला ओल आली? आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारा, ओल कायमची जाते.’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. पटतोही, कारण रंगानंतर काही महिने भिंत खरंच छान दिसते.

पण रंग पाणी आत येण्याची वाट बंद करत नाही. पाणी भिंतीतच राहतं, पुढे रंगाला फुगे येतात नाहीतर डाग शेजारच्या भिंतीवर निघतो. म्हणून आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहा. पावसाळ्यातच डाग रेघेबाहेर गेला, तर संशय बाहेरच्या भेगा, खिडकीची चौकट, गच्ची यांच्यावर. बारा महिने ओला राहिला तर नळ किंवा बाथरूम. तळमजल्यावर जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटला असेल, तर ओल बहुधा जमिनीतून चढतेय.

बाथरूमवर संशय असेल तर नहाणी ट्रॅपचं (फरशीचं पाणी जाळीतून जिथे वाहून जातं, त्या भोकाचं) तोंड बंद करून फरशीवर इंचभर पाणी 24 तास साठवा. (खालच्यांना आधी कल्पना द्या, भांडणं इथूनच सुरू होतात.) खालचा डाग गडद झाला, तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपची कड गळतेय. नाही झाला, तर नळाच्या पाइपांकडे वळा: रात्री टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीची खूण करा. कुणी पाणी न वापरता सकाळी पातळी उतरली, तर टाकीनंतर कुठेतरी गळती आहे.

रंग लावायचाच, पण गळती काढून भिंत पूर्ण सुकल्यावर.