हा गॅस पोटातला नव्हे

आमच्या पार्ल्याच्या योगवर्गात सर्वांगासन सोडताना कुणाकडून तरी तो आवाज येतोच. मग सगळ्याजणींना एकदमच आपापली चटई सरळ करायचं सुचतं. जिच्याकडून आला, ती घरी जाऊन ओवा चावते आणि रात्री वाटाण्याची उसळ टाळते. मीही कितीतरी महिने हिंगाष्टक खाल्लं. उपयोग शून्य, कारण ही हवा पोटातून आलेलीच नसते. ती योनीतून येते, आणि दोन मिनिटांपूर्वी ती त्याच हॉलमध्ये पंख्याखाली फिरत असते.

आकृत्या पाहून योनीमार्ग म्हणजे उघडी नळी असं डोक्यात बसतं. प्रत्यक्षात तो रिकाम्या मोज्यासारखा असतो: साधारण ७ ते १० सेंटिमीटर लांब, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेली. पाय वर गेले की पोटातले अवयव छातीकडे सरकतात, ओटीपोटातला दाब उतरतो, भिंती विलग होतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. पाय खाली आले की दाब वाढतो, हवा अरुंद तोंडातून निसटते. फुग्याचं तोंड ताणून धरल्यावर होतो तसलाच हा आवाज. संभोगात हे आणखी सहज घडतं. सायकलचा पंप आठवा, म्हणजे वेगळं समजवायला नको. बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावतात म्हणून तेव्हा जास्त जाणवतं, पण मूल न झालेल्या मुलींनाही होतं.

आतड्यातल्या वायूला आपल्याकडे चारचौघांत न उच्चारायचे का होईना, पण शब्द आहेत. हिला मात्र मला एकही सापडला नाही. याच मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते आणि वाचकांच्या खासगी शंकांना छापील उत्तरं दिल्याबद्दल कोर्टाची पायरी चढले. तरी ही हवा बिननावाचीच राहिली.

वैद्यकाला मात्र तिनेच एक दार उघडून दिलं. १८४५ साली अमेरिकेतल्या अलाबामात मॅरियन सिम्स या डॉक्टरने घोड्यावरून पडलेल्या एका बाईला तपासण्यासाठी गुडघे आणि छाती टेकून ओणवं केलं. हवा आत शिरली, योनीमार्ग फुगला, सरकलेली गर्भपिशवी जागेवर गेली. बाई कुशीवर वळली तेव्हा आवाज झाला आणि ती लाजेने अर्धमेली झाली. सिम्सच्या लक्षात आलं की या स्थितीत आतलं सगळं स्पष्ट दिसू शकतं. लघवीची पिशवी आणि योनी यांच्यामध्ये पडणारं छिद्र, म्हणजे फिस्टुला, शिवण्याचं तंत्र त्यातून उभं राहिलं. ते त्याने गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून साधलं. त्यांतल्या अनार्चावर तीसेक वेळा. हे सोडून सिम्सचं कौतुक मला करवत नाही.

फिस्टुलाचा विषय आला म्हणून आता वासाकडे येते, कारण इथे सगळ्यात भरवशाचं उपकरण नाकच. आत गेलेली हवा तशीच बाहेर आली तर तिला वास नसतो. मासळीसारखा वास आणि पातळ करडं-पांढरं जात असेल, तर जंतूंचा तोल बिघडलेला असू शकतो. योनीत लॅक्टोबॅसिलस जंतू आम्ल बनवून पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३.८ ते ४.५ च्या आसपास राखतात. सुगंधी वॉशने आतून धुतलं की त्यांचीच हकालपट्टी होते. आणि हवेला शौचाचा वास असेल, योनीतून मळ येत असेल, तर मलाशय आणि योनी यांच्यात वाट पडलेली असू शकते. अडलेलं बाळंतपण, खोलवर गेलेली फाट, आतड्याला सूज आणणारा क्रोन्सचा आजार, कॅन्सरवरचं रेडिएशन ही त्याची नेहमीची कारणं. ते आपोआप बरं होईल म्हणून थांबू नये.

गरोदरपणी योनीत तोंडाने हवा फुंकणं जिवावर बेतू शकतं. हवेचा बुडबुडा रक्तात शिरतो.

बिनवासाच्या हवेला औषध लागत नाही. शिंकताना लघवी निसटत असेल किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर स्नायूंकडे बघायचं. १९४८ साली अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी मांडलेला व्यायाम आज असा सांगतात: लघवी आणि वायू एकाच वेळी रोखतोय असं आकसून पाच सेकंद धरायचं, तेवढंच सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. आपल्या योगातल्या मूलबंधाचा हा सख्खा भाऊ. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. बोरिवली ते चर्चगेट उभ्याने जाताना मी करते, शेजारणीला पत्ता लागत नाही.

डॉक्टरकडे गेलात तर ‘योनीतून हवा जाते’ असंच सांगा आणि वास आहे की नाही तेही. नुसतं ‘गॅस होतो’ म्हटलं, की केसपेपरवर पित्ताची गोळी लिहून मिळते.