रक्त बघून चक्कर येते? मग रिलॅक्स होऊ नका
"रक्त बघून चक्कर येते तर नर्सिंगला आलीस कशाला?" असं फर्स्ट इयरच्या पोरींना लोक बिनधास्त ऐकवतात, पोरांनाही. जणू चक्कर आली म्हणजे मन कच्चं! खरी भानगड वेगळी आहे.

साप, उंची, बंद लिफ्ट यांच्या भीतीत छाती धडधडते, बीपी चढतं आणि चढलेलंच राहतं, त्यामुळे माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत मात्र पल्स आणि बीपी आधी वाढतात आणि मग एकदम कोसळतात, म्हणजे व्हेगस नर्व्ह हृदयाला ब्रेक लावते, त्याच वेळी रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे सिम्पथेटिक नर्व्हचे सिग्नल कमी होतात, वाहिन्या सैल पडतात, रक्त पोटात-पायात साठतं आणि मेंदूला कमी पडतं. घाम, डोळ्यांपुढे अंधारी, धाडकन खाली. घरात आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांतही बऱ्याचदा दिसतं.

म्हणूनच "रिलॅक्स हो, अंग सैल सोड" हा सल्ला इथे अंगाशी येतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्त यांनी 1980च्या दशकात बरोबर उलटं शिकवलं, नाव अप्लाइड टेन्शन. हात, पाय, पोट 10-15 सेकंद घट्ट आवळायचं, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग 20-30 सेकंद सोडायचं (पण पार ढिलं नाही, नेहमीसारखं), असं पाच वेळा. आवळलेले स्नायू शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकलतात, बीपी सावरतं. नर्सिंगवाल्यांच्या हातात सिरिंज असते, तेव्हा त्यांनी मांड्या आणि पोट आवळावं, हात स्थिर ठेवावा.

याची प्रॅक्टिस करायला सिम्युलेशन लॅबच बरी, म्हणजे कॉलेजातली डमीवर हात बसवायची खोली. डमीवर शिकणं काही नवं नाही, अमेरिकेत हार्टफर्डच्या हॉस्पिटलमध्ये 1911 मध्येच 'मिसेस चेस' नावाची बाहुली आली होती. आता रबरी हाताच्या शिरेत लाल पाणी असतं, सुई नीट बसली की कॅन्युलाच्या (शिरेत बसवायच्या बारीक नळीच्या) मागच्या चेंबरमध्ये लाल दिसतं आणि नेमकं तिथेच काहींचे पाय लटपटतात. आधी साधं पाणी, मग लाल, मग खरा पेशंट. भीती ऐन जोरात असताना पळ काढला तर ती पक्की होते, म्हणून आवळा आणि थांबा. पडलंच कुणी तर आडवं झोपवून पाय वर करा, कांदा-चप्पल हुंगवणं आणि दृष्ट काढणं राहू द्या.

आणि हो, मॅडम आणि अख्खी बॅच बघतेय म्हणून हात थरथरत असतील तर ती भीती वेगळी. त्यात बीपी वरच असतं, तिथे सावकाश श्वास सोडलेला चालतो.