मारिएत आणि मास्पेरो: कोणाचं काम कोणतं?

ऑग्यूस्त मारिएत आणि गास्तों मास्पेरो. दोघेही फ्रेंच, दोघेही इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख, आणि पहिला वारल्यावर लगेच दुसरा त्याच खुर्चीवर. नावंही कानाला जवळची. त्यामुळे इजिप्तचं पहिलं संग्रहालय मास्पेरोने काढलं, राजांच्या ममी मारिएतच्या हाती लागल्या, अशी उलटापालट सहज होते. पण या दोघांच्या कामाची जात वेगळी आहे. ती लक्षात आली की इजिप्तचे प्राचीन अवशेष कैरोत किती राहिले आणि बाहेर कसे गेले, याचाही उलगडा होतो.

मारिएत हा वस्तूंचा माणूस. जन्म १८२१ चा, बुलोन या बंदराच्या गावातला. तिथेच तो मास्तरकी करत होता. त्याचा एक नातलग, नेस्तोर लोत, चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंबरोबर चित्रकार म्हणून इजिप्तला जाऊन आला होता. त्याची कागदपत्रं लावता लावता मारिएतला इजिप्तचं वेड लागलं. १८४९ मध्ये लूव्र संग्रहालयात किरकोळ नोकरी मिळाली आणि पुढच्याच वर्षी कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिश्चनांची, हस्तलिखितं विकत आणायला त्याला इजिप्तला धाडण्यात आलं. हस्तलिखितं काही मिळेनात. सक्कारा इथे मात्र वाळूतून वर आलेलं एका स्फिंक्सचं डोकं दिसलं, आणि त्याला ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोचं प्राचीन वर्णन आठवलं: सेरापियम या देवस्थानाच्या वाटेवरचे स्फिंक्स वाळूत गाडले गेलेत. खरेदीचे पैसे त्याने सरळ मजुरांवर खर्च केले. वर्षभराने, नोव्हेंबर १८५१ मध्ये, तो सेरापियममध्ये, म्हणजे आपिस या पवित्र बैलांच्या भुयारी दफनस्थानात उतरला.

या काळात त्याने हजारो वस्तू पॅरिसला पाठवल्या, काही तर सरकारी नजर चुकवून. परत गेल्यावर लूव्रमध्ये बढतीही मिळाली. पण १८५८ मध्ये इजिप्तचा राज्यकर्ता सईद पाशाने त्याला इजिप्तच्या पुरातन वास्तूंचा प्रमुख नेमलं आणि तोच मारिएत वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून भांडू लागला. १८५९ मध्ये प्राचीन इजिप्तच्या राणी अहहोतेपची शवपेटी सापडली. केनाच्या प्रांताधिकाऱ्याने ती परस्पर उघडली आणि दागिने बोटीने थेट पाशाकडे रवाना केले. मारिएतने आपली आगबोट काढून नाईलवर ती बोट गाठली आणि ऐवज ताब्यात घेतला. पुढे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात हेच दागिने सम्राज्ञी युजेनीच्या मनात भरले. सईदनंतरचा राज्यकर्ता इस्माईलने तिला मारिएतकडे बोट दाखवलं, आणि मारिएतने स्वतःच्या देशाच्या सम्राज्ञीला नकार दिला! त्या नकाराची किंमत त्याला पॅरिसच्या मर्जीत मोजावी लागली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वात मोठी गोष्ट हीच, सेरापियमपेक्षाही मोठी.

कैरोजवळ बूलाक इथे नाईलकाठी १८६३ मध्ये जे संग्रहालय उघडलं, ते मारिएतचं. आजच्या तहरीर चौकातली गुलाबी इमारत १९०२ ची, म्हणजे मास्पेरोच्या कारकिर्दीतली. घोळ बहुधा इथूनच सुरू होतो.

मारिएतचं उत्खनन मात्र आजच्या नजरेने पाहवत नाही. एकाच वेळी अनेक ठिकाणी खोदकाम, वेठबिगारीने आणलेले हजारो मजूर, नोंदी अपुऱ्या. त्यात १८७८ च्या पुरात बूलाकच्या संग्रहालयात पाणी शिरलं आणि त्याची बरीच टिपणं वाहून गेली.

मास्पेरो हा मुळात वाचणारा. १८४६ साली पॅरिसमध्ये इटालियन वंशाच्या घरात जन्म. चित्रलिपी तो स्वतःच्या बळावर शिकला. १८६७ मध्ये प्रदर्शनासाठी मारिएत पॅरिसला आला असताना दोघांची गाठ पडली. मारिएतने नुकतेच सापडलेले, वाचायला अवघड असे लेख या विद्यार्थ्याच्या हाती दिले आणि त्याने ते थोड्याच दिवसांत उलगडून दाखवले. १८७४ मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, तो कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाला. इजिप्तची माती मात्र त्याने पहिल्यांदा पाहिली ती १८८१ च्या जानेवारीत. मारिएत तेव्हा मरणाच्या दारात होता.

दोघांतला फरक नेमका कळतो तो सक्काऱ्याच्या पिरॅमिडांपाशी. पिरॅमिडांच्या आत मजकूर नसतो, ते मुके असतात, असं मारिएत जन्मभर मानत आला. त्याच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याच माणसांनी राजा पेपी पहिल्याचा पिरॅमिड उघडला, तर आतल्या भिंती अक्षरांनी भरलेल्या. हा पिरॅमिड राजाचा नसेलच, असा त्याचा पहिला कयास होता. मृत्यूपूर्वी काही दिवस त्याला खरं काय ते कळलं. फेब्रुवारीच्या अखेरीस मास्पेरो राजा उनासच्या पिरॅमिडात शिरला आणि पुढची वर्षं हे 'पिरॅमिड लेख' उतरवून, अनुवादून छापत राहिला. खोदायला लावणारा एक आणि वाचणारा दुसरा, दोघे नसते तर हे काम झालं नसतं.

राजांच्या ममींचं श्रेय मात्र निःसंशय मास्पेरोच्या कारकिर्दीचं. राजांची नावं कोरलेल्या वस्तू बाजारात येत होत्या. १८८१ मध्ये त्याने लक्सरला जाऊन माग काढला आणि अब्द अल-रसूल या स्थानिक घराण्यातल्या भावांची चौकशी केली. त्यांच्यापैकी एकाने अखेर जागा दाखवली. मास्पेरो तेव्हा पॅरिसला गेला होता, त्यामुळे जुलैमध्ये लक्सरजवळच्या दैर अल-बहारीच्या त्या विवरात उतरला तो त्याचा सहकारी एमिल ब्रुग्श. आत सेती पहिला, थुतमोस तिसरा, रामसेस दुसरा! २०२१ मध्ये या ममी तहरीरहून मिरवणुकीने नव्या संग्रहालयात गेल्या.

परिणामांच्या दृष्टीने सर्वात मोठा फरक परवानगीचा. मारिएतने खोदकामाचा हक्क जवळजवळ स्वतःपुरता ठेवला. मास्पेरोने दार उघडलं: ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ पेट्रीसारखे परदेशी संशोधक खोदू लागले आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी होऊ लागली. यातून उत्खननाची पद्धत कितीतरी सुधारली, पण अनेक वस्तू कायदेशीरपणे युरोप-अमेरिकेला गेल्या. ज्ञान वाढलं हे मान्य करूनही मला ही किंमत जास्त वाटते. १८८६ मध्ये तो पायउतार झाला, १८९९ ला परतला आणि १९१४ पर्यंत राहिला. या दुसऱ्या खेपेला त्याने हॉवर्ड कार्टर या तरुणाला निरीक्षक नेमलं, आणि पुढे उत्खननाला पैसा पुरवणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनशी त्याची गाठ घालून दिली तीही त्यानेच. या जोडीला राजा तुतनखामुनची कबर १९२२ मध्ये सापडली, तेव्हा मास्पेरोला जाऊन सहा वर्षं झाली होती.

कैरोत आज 'मास्पेरो' म्हटलं की लोकांना नाईलकाठची सरकारी टीव्हीची इमारत आठवते, कारण तिथल्या रस्त्याला त्याचं नाव आहे. मारिएतची समाधी तहरीरच्या संग्रहालयाच्या बागेत आहे.