प्लासिबो परिणाम

प्लासिबो परिणाम : औषधी गुण नसलेली गोळी, इंजेक्शन किंवा लटका उपचार मिळाल्यावरही रुग्णाला आराम पडतो, त्यास प्लासिबो परिणाम म्हणतात. लॅटिन 'प्लासिबो'चा अर्थ 'मी संतुष्ट करीन'. मराठीत 'छद्म औषध' असा प्रतिशब्द आहे, पण डॉक्टरांच्या बोलण्यात प्लासिबोच रुळला आहे. साखरेची गोळी किंवा मिठाच्या पाण्याची सुई ही त्याची नेहमीची रूपे. नुसती कातडीला चीर देऊन टाके घातलेली शस्त्रक्रियाही प्लासिबो ठरते.

या परिणामाची एक जुनी आणि मजेदार चाचणी इंग्लंडमधील बाथ शहरातली आहे. अमेरिकेतल्या एलिशा पर्किन्स यांनी १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार सळयांचे पेटंट घेतले होते. दुखऱ्या जागेवरून त्या फिरवल्या की दुखणे ओसरते, असा दावा होता आणि सळया महागड्या असूनही खपत होत्या. १७९९ मध्ये जॉन हेगार्थ या डॉक्टरांनी हुबेहूब तशाच दिसणाऱ्या लाकडी सळया करवून घेतल्या आणि पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांना बरे वाटले. दुसऱ्या दिवशी खऱ्या सळया फिरवल्या, तेव्हाही साधारण तेच घडले.

हा सगळा 'मनाचा खेळ' म्हणून सोडून देता येत नाही, कारण मनाबरोबर मेंदूतली रसायनेही हलतात. १९७८ मध्ये जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन व हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग केला. प्लासिबोने ज्यांची कळ कमी झाली होती, त्यांना नॅलोक्सोन देताच ती पुन्हा वाढली. नॅलोक्सोन हे अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखणारे द्रव्य आहे. म्हणजे शरीराने स्वतःचीच वेदनाशामके स्रवली होती, असा त्याचा अर्थ लावला गेला. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांत प्लासिबोनंतर मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते, असे २००१ मध्ये दिसले. अपेक्षा हे एक कारण, दुसरे सवय. गोळी गिळली की बरे वाटते, हे शरीर पूर्वीच्या अनुभवातून शिकलेले असते. तेच वेदनाशामक नर्सने सांगून टोचले तर जास्त लागू पडते, आणि यंत्राने रुग्णाच्या नकळत सोडले तर कमी. 'अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' या आपल्याकडच्या बोलण्यातही निदानाच्या कौशल्याखेरीज याचा थोडा वाटा असावा.

मात्र प्लासिबोची मर्यादा ओळखायला हवी, आणि ती २०११ मधील दम्याच्या एका अमेरिकी अभ्यासात फार स्वच्छ दिसते. त्याच रुग्णांना आळीपाळीने खरा इनहेलर, खोटा इनहेलर, खोटे ॲक्युपंक्चर आणि काहीच नाही, असे चार प्रकार दिले. 'कितपत सुधारलो' हे विचारल्यावर खऱ्या इनहेलरला ५०, खोट्याला ४५ आणि खोट्या ॲक्युपंक्चरला ४६ टक्के सुधारणा सांगितली गेली. काहीच न दिल्यावर २१. मग फुंकर मारून घेतलेली मोजणी पाहिली. खऱ्या औषधाने श्वासाची क्षमता सुमारे २० टक्क्यांनी वाढली होती. उरलेल्या तिन्हींत सुमारे ७ टक्के. छाती मोकळी वाटत होती, पण श्वासनलिका तितक्या मोकळ्या झालेल्या नव्हत्या. दम्यात असा गैरसमज जिवावर बेतू शकतो.

हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरांनी १९५५ मध्ये १५ अभ्यासांच्या आधारे सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोने आराम पडतो असे लिहिले आणि तो आकडा पुढे कित्येक वर्षे चालत राहिला. त्यात एक गफलत होती. सर्दी आपसूक जाते. कंबर असह्य दुखते तेव्हाच माणूस दवाखाना गाठतो, त्यामुळे पुढे ती उतरणारच असते. हा उतार प्लासिबोच्या खात्यावर जमा झाला होता. काहीच उपचार न केलेला गट शेजारी ठेवल्याशिवाय हे वेगळे काढता येत नाही. डेन्मार्कच्या ऱ्होबियार्टसन व गोत्शे यांनी २००१ मध्ये असे ११४ अभ्यास तपासले. वेदनेत थोडा फायदा दिसला. यंत्राने मोजता येणाऱ्या बाबतीत ठोस काही नाही.

औषधाचा स्वतःचा गुण अशा आरामातून वेगळा काढता यावा, म्हणूनच संशोधनात प्लासिबो वापरतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण खऱ्या औषधाच्या व प्लासिबोच्या गटांत वाटतात, गोळ्यांचा रंग-आकार सारखा ठेवतात, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्ण व डॉक्टर दोघांपासून लपवतात. तरी औषधाच्या दुष्परिणामाने तोंडाला कोरड पडली की खरी गोळी कुठली हे चाणाक्ष रुग्ण ओळखतोच. सिद्ध उपचार असलेल्या गंभीर आजारात तो रोखून प्लासिबो देणे अनैतिक मानले जाते.

याची उलट बाजू म्हणजे नोसिबो, अर्थात अपाय होणार या धास्तीने होणारा त्रास. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सोडलेल्या ६० जणांना २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत काही महिने स्टॅटिन, काही महिने प्लासिबो दिले, तर काही महिने कुठलीच गोळी दिली नाही. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास प्लासिबोवरही झाला. निकाल दाखवल्यावर त्यांतील निम्म्याजणांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.