शाळेतला टीव्ही आणि बालचित्रवाणी : कोल्हापूरच्या वर्गापर्यंतचा प्रवास

१९८०च्या दशकाच्या अखेरीस कोल्हापुरात प्राथमिक शाळा शिकलेल्या कुणापुढंही ‘बालचित्रवाणी’चं, म्हणजे शाळेत टीव्हीवर दिसणाऱ्या मराठी शालेय कार्यक्रमांचं, नाव काढा, पुढचं तो आपणहून सांगू लागतो. मुख्याध्यापकांच्या खोलीतला टीव्ही, त्याला घातलेलं कुलूप, बसकर पट्ट्यांवर दाटीवाटीनं बसलेले दोन-तीन वर्ग, आणि कौलांवर चढून अँटेना फिरवणारा सातवीतला धडधाकट पोरगा. खालून एकच गिल्ला व्हायचा, ‘आलं, आलं… गेलं!’ पडद्यावरच्या मुंग्या गेल्या की सगळे चिडीचूप. हा टीव्ही आमच्यापर्यंत पोचायला जवळजवळ तीस वर्षं लागली होती.

भारतात दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग झाला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. शिक्षणाचा विचार त्यात सुरुवातीपासून होता. १९६१ मध्ये दिल्लीच्या शाळांसाठी नियमित पाठही सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२चं. पुढच्या वर्षी पुण्याला चित्र दिसू लागलं. कोल्हापूर मात्र या प्रक्षेपणाच्या टप्प्यात नव्हतं. इथल्या मुलांसाठी शाळेबाहेरचा आवाज म्हणजे रेडिओ, तोही बहुतेक सांगली आकाशवाणीचा.

खरी कलाटणी मिळाली ती उपग्रहामुळं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ हा उपग्रहावरून शैक्षणिक टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोचवले गेले आणि सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवली गेली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. विजापूर आपल्याला काही लांबचा मुलूख नाही, पण तिथल्या खेड्यातली पोरं शाळेत कन्नडमधून टीव्ही बघत होती तेव्हा आपल्याकडं बऱ्याच गावांत वीजसुद्धा नवी होती.

‘साइट’नंतर झालेल्या पाहण्यांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. टीव्ही बघून मुलांचे परीक्षेतले गुण ठळकपणे वाढले, असं दिसलं नाही. मात्र त्यांची भाषा सुधारली आणि नवं काही जाणून घ्यायची ओढ वाढली. पुढं या माध्यमाला लोकांनी गुणांच्याच तराजूत तोललं, तिथं त्याच्यावर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे.

३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी हा भारताचा दळणवळण उपग्रह अवकाशात गेला आणि मग वेग आला. १९८४ मध्ये देशभर लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रं झपाट्यानं उभी राहिली. कोल्हापूरसारख्या ठिकाणांना टीव्ही मिळाला तो याच लाटेत. शंभर वॅटच्या अशा केंद्राचा पल्ला साधारण पंचवीस किलोमीटरचा. त्यामुळं करवीर, हातकणंगल्याच्या सपाटीवर चित्र बरं दिसायचं आणि गगनबावडा, चंदगडकडच्या डोंगराआडच्या शाळांना मात्र मुंग्याच बघाव्या लागायच्या. एकाच जिल्ह्यात, एकाच इयत्तेत शिकलेल्या माणसांच्या आठवणी इतक्या वेगळ्या का, याचं उत्तर या डोंगररांगांत आहे.

त्याच १९८४ साली इन्सॅटच्या शालेय कार्यक्रमांसाठी राज्याराज्यांत निर्मिती संस्था निघाल्या. आपली पुण्यात, सेनापती बापट रस्त्यावर. तीच बालचित्रवाणी. इथं कोल्हापूरकरानं जरा थांबावं असा एक धागा आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या त्या पुण्यातल्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९७४ मध्ये दूरदर्शनच्या माणसांचं प्रशिक्षणही तिथंच आलं. म्हणजे देशाला टीव्हीचं तंत्र जिथं शिकवलं जात होतं, त्या जागेची वंशावळ थेट आपल्या गावापर्यंत येते. मला याचा मनापासून अभिमान आहे.

कार्यक्रमांची आखणी वयानुसार होती. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एक भाग, नऊ ते अकरांसाठी दुसरा, आणि शनिवारी शिक्षकांसाठी. प्रत्येक भाग वीसेक मिनिटांचा. बाहुल्या, गोष्टी, घरात सापडणाऱ्या वस्तूंचे विज्ञानाचे खेळ, पक्षी, किल्ले. सगळं मराठीत, आणि ज्याच्या घरी पुस्तकाचं कपाट नाही अशा मुलाला डोळ्यांपुढं ठेवून केलेलं. पुढं १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रंगीत टीव्ही आणि टेपरेकॉर्डर देण्याची केंद्राची योजना आली, तेव्हा जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत पहिल्यांदा संच दिसला. १९१७ मध्ये ज्या संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथल्या खेड्यातल्या पालकांना या नव्या वस्तूचं अप्रूप होतंच, पण ती शाळेत असणं त्यांना योग्यही वाटत होतं.

आमचे गुरुजी टीव्ही लावण्याआधी फळ्यावर दोन प्रश्न लिहायचे. कार्यक्रम संपला की संच बंद, कपाटाला कुलूप, आणि मग त्या प्रश्नांवर बोलणं. कुणी सांगायचं, आमच्या रानातही असलाच पक्षी येतो. कुणी दुसऱ्या दिवशी बाटली नि फुगा घेऊन यायचं आणि पडद्यावरचा प्रयोग वर्गात करून दाखवायचं. लाईट गेली तर गुरुजी उरलेली गोष्ट स्वतः रचून सांगायचे, आणि तीही आम्ही तितक्याच कान देऊन ऐकायचो. जिथं शिक्षकानं अशी मशागत केली तिथं ती वीस मिनिटं रुजली. जिथं संच नादुरुस्त होऊन पडला, किंवा चोरीच्या भीतीनं कुलपातून बाहेरच निघाला नाही, तिथं काहीच उरलं नाही.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि मुलांना घरीच ढीगभर वाहिन्या मिळाल्या. २००४ मध्ये शिक्षणासाठी एज्युसॅट हा स्वतंत्र उपग्रहही गेला. बालचित्रवाणीला मात्र पुढं पैशाची चणचण भासत गेली, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. मराठी मुलांसाठी मराठीत विचार करून कार्यक्रम बनवणाऱ्या माणसांचा एवढा अनुभव असा विखुरला, याचं मला आजही वाईट वाटतं.

तीनच वर्षांनी कोरोनामुळं शाळांना टाळं लागलं. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पाठ्यपुस्तकातला भाग मुलांनी घरातल्या माणसांबरोबर कृतीतून शिकावा, अशी तिची रचना होती. फळ्यावर प्रश्न लिहिणाऱ्या गुरुजींचं काम या वेळी आई-आजोबांकडं आलं होतं, आणि त्यांतल्या कित्येकांनी स्वतः लहानपणी बसकर पट्टीवर बसून बालचित्रवाणी पाहिली होती.